वाडा आहे, वाडी नाही : ‘तुंबाड’ आणि त्याची समीक्षा

आपल्या नियतकालिकांतून कथा-कवितेची समीक्षा पुष्कळ झाली. आत्मकथनांवर परिसंवाद झाले, प्रबंध लिहिले गेले, वादही रंगले. चित्रपटाकडे मात्र आपण अजूनही दोनच प्रकारे पाहतो. ज्या चित्रपटात आपण आहोत त्याचे स्वागत करायचे, आणि ज्यात आपण नाही तो ‘त्यांचा’ म्हणून सोडून द्यायचा. ‘फँड्री’वर आपण लिहिले, ‘कोर्ट’वर लिहिले, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. पण ज्या चित्रपटात दलित माणूस नावालाही नाही, त्याच्यावर लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न कार्यकर्ते मित्र विचारतात. माझे उत्तर असे की, जिथे आपल्याला वगळले आहे तिथेच वगळण्याची रीत नीट कळते. शिवाय वगळलेला माणूस दुसऱ्या रूपाने आत शिरलेला असतो. त्याला ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

या लेखात मी ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाची आणि त्याला मिळालेल्या समीक्षकी प्रतिसादाची चर्चा करणार आहे. चित्रपट हिंदीत असला तरी त्याची भूमी कोकणची आहे, दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी आहेत, आणि नारायण धारपांच्या भयकथेचे बीज त्याच्या मुळाशी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७ साली आलेल्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आले. कथा मात्र त्या कादंबरीची नाही. तेव्हा हे प्रकरण आपल्या घरचेच आहे.

१

प्रथम या जातीच्या चित्रपटाविषयी दोन शब्द. ज्याला मनोविश्लेषक थरारपट म्हणतात त्यात भीतीचे कारण बाहेर कमी आणि माणसाच्या मनात जास्त असते. दार कोणी ठोठावले यापेक्षा दार ठोठावल्यावर आतला माणूस का दचकला, याला तिथे महत्त्व. कलात्मक वळणाचा दिग्दर्शक ही भीती संवादांतून सांगत नाही. रंग, सावली, पाणी, भिंती आणि शांतता यांतून ती उभी करतो. म्हणून अशा चित्रपटाची समीक्षा बहुधा दृश्याच्या स्तुतीपासून सुरू होते, आणि पुष्कळदा तिथेच संपते.

या प्रकाराच्या स्वागताचा इतिहास मोठा बोलका आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ आला. कॅमेऱ्याने बायकांची भीती टिपत त्यांना मारणाऱ्या एका तरुणाची ती गोष्ट. ब्रिटिश समीक्षक त्याच्यावर असे तुटून पडले की पॉवेल यांची मायदेशातली कारकीर्द जवळजवळ संपली. पुढे मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकाने तो उचलून धरला, १९७९ साली न्यूयॉर्कच्या महोत्सवात तो पुन्हा दाखवला गेला, आणि आज तो अभ्यासक्रमात शिकवला जातो. चित्रपट तोच राहिला. पाहणाऱ्यांची पिढी बदलली, त्यांचे प्रश्न बदलले.

यातून आपण एक धडा घ्यावा. समीक्षेचा पहिला निकाल शेवटचा नसतो. तो कोणी दिला, कुठे बसून दिला, त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे पुन्हा तपासता येते. साहित्यात आपण हेच केले. ‘शुद्ध सौंदर्या’चे निकाल आपण मानले नाहीत. बाबुराव बागूल, शरद पाटील, शरणकुमार लिंबाळे यांनी सौंदर्याची व्याख्याच चर्चेला आणली. ती चर्चा चित्रपटगृहाच्या दाराशी थांबण्याचे कारण नाही.

२

‘तुंबाड’ २०१८ साली व्हेनिसच्या ७५ व्या चित्रपट महोत्सवात, समीक्षक सप्ताहात, प्रथम दाखवला गेला. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. त्याआधी अनेक वर्षे तो घडत होता. एकदा चित्रीकरण झाले, ते अपुरे वाटले, पुन्हा करण्यात आले. खरा पाऊस हवा म्हणून एकामागून एक पावसाळे त्यात गेले. सोहम शाह यांनी मुख्य भूमिका केली आणि निर्मितीचा भारही उचलला. आनंद गांधी सर्जनशील दिग्दर्शक होते, आदेश प्रसाद सहदिग्दर्शक. छायालेखन पंकज कुमार यांचे.

समीक्षकांनी स्वागत चांगले केले. पावसाने काळवंडलेले कोकण, ओल धरलेल्या भिंती, विहिरीच्या तळाशी असलेले देवीचे लालभडक गर्भाशय, यांवर भरभरून लिहिले गेले. गिलेर्मो देल तोरो यांच्या चित्रपटांशी तुलना झाली. हिंदी भयपट म्हणजे पांढरी साडी आणि कर्रकन वाजणारे दार, ही समजूत या चित्रपटाने मोडली असे पुष्कळांनी म्हटले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. फिल्मफेअरचे तीन पुरस्कार मिळाले : छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना. तीनही पुरस्कार दिसण्या-ऐकण्याच्या अंगाचे आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिकीटबारीवर प्रथम बेताचाच प्रतिसाद होता. पण घरच्या पडद्यावर आल्यावर तरुण मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, एकमेकांना सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो चित्रपटगृहांत पुन्हा लावला गेला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. भारतीय चित्रपटाच्या बाबतीत असे क्वचित घडते. म्हणजे समीक्षकाने आधी मान्य केले आणि प्रेक्षकाने सहा वर्षांनी.

आशयाबद्दल समीक्षेचे एकमत झाले ते एका शब्दावर : लोभ. चित्रपटाच्या आरंभीच गांधीजींचे वचन येते. पृथ्वी माणसाची गरज भागवते, हाव भागवू शकत नाही, अशा अर्थाचे. समीक्षकांनी हा धागा पकडला आणि ‘मानवी लोभाची कालातीत नीतिकथा’ असा शिक्का मारला. काहींनी त्याही पुढे जाऊन सरंजामशाही, वसाहतवाद, भांडवल यांचे रूपक पाहिले. स्त्रीवादी अंगाने लिहिणाऱ्यांनी देवीच्या गर्भाशयात शिरून ओरबाडणाऱ्या पुरुषाकडे बोट दाखवले. ही निरीक्षणे मोलाचीच आहेत. पण ‘मानवी’ आणि ‘कालातीत’ हे दोन शब्द ऐकले की आपल्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. एका वाड्यातल्या माणसाचा लोभ साऱ्या मानवजातीचा कधी झाला?

३

कथा थोडक्यात अशी. समृद्धीच्या देवीचे पहिले अपत्य हस्तर. त्याला आईचे सोने हवे होते आणि धान्यही. सोने त्याने घेतले. धान्याकडे हात नेताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, पण अट अशी पडली की त्याची पूजा होणार नाही, त्याचे नाव कुठे राहणार नाही. तो आईच्या उदरात निपचित पडून राहिला. तुंबाडातल्या एका घराण्याने मात्र त्याचे देऊळ बांधले.

१९१८ साली विनायक हा मुलगा आई आणि धाकट्या भावासह तुंबाडात आहे. आई विधवा. वाड्यातल्या म्हाताऱ्या ‘सरकार’ची ती सेवा करते, आणि ही सेवा कोणत्या प्रकारची आहे हे चित्रपट लपवत नाही. मोबदल्यात एका सोन्याच्या मुद्रेची आशा. घरात साखळदंडाने बांधलेली शापित आजी. भाऊ मरतो, आई विनायकला घेऊन पुण्याला जाते. पंधरा वर्षांनी, १९३३ च्या सुमारास, विनायक परततो. आजीकडून त्याला गुपित कळते : कणकेची बाहुली घेऊन गर्भाशयात उतरायचे, भोवती पिठाचे रिंगण आखायचे, भुकेला हस्तर कणकेवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओढून घ्यायच्या. हस्तरचा स्पर्श झाला तर माणूस मरत नाही, कुजत जगतो. पुढे १९४७. विनायकचा मुलगा पांडुरंगही त्या विहिरीत उतरतो. बापाचा शेवट होतो आणि मुलगा तो वारसा नाकारतो.

आता या तीन तारखा आणि ही भूमी आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहू.

खरे तुंबाड रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी आहे. खेडला लागून दापोली आणि मंडणगड हे तालुके. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेला. महाडही तिथून फार दूर नाही. चित्रपट ज्या वर्षांत घडतो, त्याच वर्षांत याच मातीत काय चालले होते? जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेब साउथबरो समितीपुढे साक्ष देत होते. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. पाऊस चित्रपटातही धो धो पडतो. कोकणात तो सगळ्यांवर सारखाच पडतो. पण तो तळ्यात उतरला की त्याला मालक फुटतात, हे महाडने जगाला दाखवले होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १९३३ ची. विनायक सोन्यासाठी तुंबाडात परततो त्याच वर्षी अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले. तो संप १९३९ पर्यंत चालला. कुळांनी उपासमार सोसली, जंगलात लाकडे तोडून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने.

४

खोती म्हणजे काय हे नव्या विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. खोत सरकारला ठरलेला सारा भरत असे आणि गावातल्या कुळांकडून आपला वाटा वसूल करत असे, तो बहुधा धान्याच्या रूपाने. पिकाचा निम्मा किंवा ठरलेला हिस्सा खोताच्या खळ्यावर जाई. शिवाय वेठ : खोताच्या घरी फुकट राबणे, त्याची कौले शाकारणे, ओझी वाहणे. कुळाला जमीन सोडता येत नसे आणि जमीन आपली म्हणताही येत नसे. सगळे खोत ब्राह्मण होते असे नाही. मराठा आणि मुसलमान खोतही होते. पण कसणाऱ्यांत कुणबी, आगरी, महार होते, आणि त्यांत सर्वांत खालची पायरी कोणाची हे सांगायला नको.

आता चित्रपटातला वाडा पाहा. तो एवढा मोठा कोणी बांधला? त्याच्या भिंतीची माती कोणी मळली? आजीला भरवले जाते ते अन्न कोणाच्या शेतातले? हस्तरला भुलवायला कणीक लागते, त्याचे पीठ कोणी दळले? चित्रपटात वाडा आहे, वाडी नाही. कोकणातल्या कोणत्याही गावात वाडी असते, आणि आज जिला बौद्धवाडी म्हणतात ती गावाच्या कडेला हटकून असते. कॅमेरा पावसातून, झाडीतून, वाड्याच्या अंगणापर्यंत येतो, पण तिथून वाडीकडे वळत नाही.

संपत्तीचा उगम जमिनीत आणि श्रमात न दाखवता तो देवीच्या गर्भाशयात, शापात आणि गुपितात दाखवला की लोभ ही एका माणसाची मानसिक व्याधी ठरते. खोती ही व्यवस्था होती, व्याधी नव्हे. खोत सज्जन असला तरी वाटा वसूल होत असे. व्याधीवर उपाय म्हणजे मुलाने बापाचा वारसा नाकारणे, आणि चित्रपटाचा शेवट तसाच होतो. व्यवस्थेवर उपाय म्हणजे संप, मोर्चा आणि कायदा. इतिहासात तोच झाला. १९४७ च्या प्रकरणात नवे सरकार वाडा ताब्यात घेणार याचे सावट आहे. ते सावट पाहताना प्रेक्षक वाड्याच्या बाजूने काळजी करतो. खोताच्या हातून जमीन जाणे ही ज्यांच्यासाठी सुटका होती, त्यांच्या बाजूने ती वेळ पडद्यावर येतच नाही.

दिग्दर्शकाने खोतीवर चित्रपट काढायला हवा होता, असे माझे म्हणणे नाही. कलावंताला विषय निवडण्याचा हक्क आहे. माझा आक्षेप समीक्षेवर आहे. सन आणि गाव एवढे नेमके दिलेले असताना तिने त्या सनात त्या गावात काय होते हे विचारले नाही. व्हेनिसच्या समीक्षकाला हे ठाऊक नसणे समजू शकते. मुंबई-पुण्याच्या समीक्षकालाही ते आठवू नये?

५

आता मी हस्तरकडे येतो. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

हस्तर कोण आहे? ज्याला धान्य नाकारले गेले तो. ज्याचे नाव पोथीतून काढून टाकले तो. ज्याला देव असूनही देवांच्या पंगतीत जागा नाही. जो जमिनीच्या पोटात, अंधारात, कायम उपाशी आहे. ज्याचा स्पर्श झाला की माणूस कुजतो. ज्याच्यापासून वाचण्यासाठी भोवती पिठाचे रिंगण आखावे लागते. आणि ज्याच्याजवळचे सोने वरचा माणूस रात्री गुपचूप उतरून, कणकेचा तुकडा टाकून, लुबाडून नेतो.

हे वर्णन कोणाचे आहे? दिग्दर्शकाच्या मनात काय होते याचा दावा मी करत नाही. चित्रपटकर्त्याच्या हेतूपेक्षा समाजाच्या मनात साठलेली चित्रे फार जुनी असतात आणि ती आपोआप हातातून उतरतात. विटाळ, सीमारेषा, शिळे अन्न, नाव न घेणे, दृष्टीआड ठेवणे, ही चित्रे आपल्या समाजाने शतकानुशतके एका माणसासाठी राखून ठेवली होती. भय उभे करायचे म्हटले की तीच चित्रे हाताशी येतात. फक्त पडद्यावर भुकेला राक्षस होतो आणि त्याला लुटणारा नायक.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या विवेचनात जातीचे मूळ माणसाच्या मनात शोधले होते आणि त्या मनाला आधार देणाऱ्या धर्मशास्त्रापर्यंत ते पोहोचले होते. भारतीय मनोविश्लेषक थरारपटाचा खरा विषय तिथे आहे. स्पर्शाची भीती ही आपल्या समाजाची सर्वांत खोल, सर्वांत जुनी मानसिक व्याधी आहे. ‘तुंबाड’ची ताकद अशी की ती भीती त्याने अतिशय प्रभावीपणे पडद्यावर आणली. त्याची मर्यादा अशी की ती कशाची भीती आहे हे त्याला ओळखू आले नाही, आणि समीक्षेलाही आले नाही.

भुतांनाही जात असते, हे आपल्या खेड्यातला माणूस जाणतो. मुंज झाल्यावर सोडमुंज होण्याआधी जो मुलगा मेला त्याचा मुंजा होतो. म्हणजे मुंजा होण्यासाठी आधी मुंज व्हावी लागते, आणि ज्याला जानव्याचा अधिकारच नव्हता तो मेल्यावरही पिंपळावर बसू शकत नाही. ‘मुंज्या’ नावाचाच, कोकणातला, एक हिंदी चित्रपट २०२४ साली गाजला. त्यावर लिहिताना किती समीक्षकांनी हा साधा मुद्दा मांडला?

उलट उदाहरणही जवळच आहे. १९८० साली विकास देसाई आणि अरुणाराजे यांचा ‘गहराई’ आला. पटकथेत विजय तेंडुलकर होते. एका सुखवस्तू घरातली मुलगी झपाटली जाते. त्या झपाटण्यामागे असतो घरमालकाने आपल्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाच्या बायकोवर केलेला जुना अन्याय. तिथे भूत खालून वर आले आहे, त्याच्याजवळ तक्रार आहे, हिशेब आहे. त्या चित्रपटाची आठवण आज बहुधा ‘झपाटण्याचा चित्रपट’ म्हणून निघते. जमीन आणि राबणारी बाई यांची आठवण मागे पडते.

६

मी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्क भागात राहतो. नावावरून अमेरिकेतल्या धनिकांची वस्ती आठवावी अशी सोय करून ठेवली आहे. पण हा मीरा-भाईंदरचा सारा पट्टा खाडीचा, खाजणांचा, मिठागरांचा; आगरी, कोळी आणि ख्रिस्ती गावांचा. आज इमारतींच्या गर्दीत ती गावे शोधावी लागतात. खेड, दापोली, मंडणगडचे चाकरमानी इथे पुष्कळ आहेत. २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा लागला तेव्हा आमच्याकडच्या महाविद्यालयीन मुलांनी तो पाहिला आणि आम्ही त्यावर बोललो. एका मुलाचे आजोबा त्याच तालुक्यातले कूळ. चित्रपट त्याला फार आवडला होता. “सर, आमच्या गावचा पाऊस पहिल्यांदा असा पडद्यावर पाहिला,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “पण आमचं घर कुठं दिसलं नाही.”

त्या मुलाची दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि समीक्षेला दोन्ही हवीत. पहिले वाक्य गिळून केवळ दुसरे म्हणणे हा रुक्षपणा होईल. आणि सौंदर्य दिसू नये इतके आपण आंधळे नाही. पहिले म्हणून दुसरे विसरणे ही मात्र प्रस्थापित समीक्षेची खोड आहे.

या मुलांपैकी दोघांना स्वतः चित्रपट करायचे आहेत. त्यांना भयपट करायचा आहे. आपल्यातले काही ज्येष्ठ यावर नाक मुरडतील : भुताखेताचे कसले चित्रपट काढता, बुद्धाने आणि बाबासाहेबांनी अंधश्रद्धा सोडायला सांगितले ना? शंका रास्त आहे. पण भय हा विषय आणि भूत हा विषय एकच नाही. आपल्या साहित्यात भयाची सर्वांत अस्सल उदाहरणे आहेत. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातली त्याच नावाची कथा घ्या. रेल्वेत कामाला लागलेला तरुण परक्या गावी राहण्यासाठी जात लपवतो. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक आपुलकीची चौकशी त्याला घेरत जाते. कधी उघड होईल? कोणाच्या तोंडून? उघड झाल्यावर काय? हा पूर्ण अर्थाने मनोविश्लेषक थरार आहे, आणि त्यात एकही भूत नाही. नवीन शहरात भाड्याने खोली शोधताना आडनाव विचारले जाण्याच्या क्षणी आजही जो माणूस श्वास रोखतो, त्याला हा थरार समजावून सांगावा लागत नाही. ‘फँड्री’तल्या जब्याची भीती हीच होती. डुक्कर पकडताना शाळेतल्या मुलीने आपल्याला पाहू नये म्हणून तो लपत राहतो, आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर लपतो.

अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांनी ही वाट चोखाळली आहे. जॉर्डन पील यांच्या २०१७ च्या ‘गेट आउट’ या चित्रपटात एक काळा तरुण गोऱ्या मैत्रिणीच्या घरी पाहुणा म्हणून जातो. सगळे फार प्रेमाने वागतात, आणि त्या प्रेमातच भय आहे. त्या पटकथेला ऑस्कर मिळाले, आणि मूळ पटकथेसाठी ते मिळवणारे पील हे पहिले काळे लेखक. त्याच चित्रपटाला गोल्डन ग्लोबच्या नामांकनात मात्र ‘संगीतप्रधान वा विनोदी’ या गटात घातले गेले. ज्याचे भय समाजाला भय म्हणून मान्य नाही त्याचे भय विनोदात जमा होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडून नाव आणि तडफ घेतली. आज चित्रपटाचे शास्त्र त्यांच्याकडून घ्यायला हरकत नसावी.

७

मग अशा चित्रपटाची समीक्षा आपल्या विद्यार्थ्याने कशी करावी? मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न दृश्याचा. पडद्यावर जे सुंदर दिसते ते कोणाच्या जागेवरून सुंदर दिसते? पावसाळी अंगण ओसरीवरून वेगळे दिसते आणि गळक्या झोपडीतून वेगळे. कॅमेरा कुठे उभा आहे हे विचारणे म्हणजे कलेवर राजकारण लादणे नव्हे. छायालेखनाचा तो पहिलाच प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न भयाचा. चित्रपट कशाला भितो? अंधाराला, भुकेल्याला, परक्याला, बाईला, की स्वतःच्या कृत्याला? जे भीतिदायक म्हणून उभे केले आहे त्याची लक्षणे लिहून काढावीत आणि समाजात ती लक्षणे कोणाला चिकटवली जातात ते पाहावे. मात्र इथे सावध राहावे. प्रत्येक राक्षसात आपला माणूस शोधण्याचा हव्यास धरला तर समीक्षेचे गणित होते. एखादे लक्षण जुळले म्हणून भागत नाही. ‘हस्तर’च्या बाबतीत अन्न, नाव, स्पर्श आणि जागा ही चारही लक्षणे एकत्र आली, म्हणून मी एवढे बोललो.

तिसरा प्रश्न काळाचा. चित्रपटाने सन सांगितले असेल तर त्या सनाचा हिशेब मागावा. त्या वर्षी, त्या जिल्ह्यात, जमीन कोणाची होती, धान्य कोणाकडे जात होते, कोण लढत होते? ‘कालातीत’ हा शब्द आला की तिथे हमखास एखादा काळ लपवलेला असतो.

हे प्रश्न विचारल्याने ‘तुंबाड’ लहान होत नाही. उलट तो अधिक भयंकर होतो. कणकेच्या बाहुलीवर झडप घालणारा तो उपाशी जीव पाहताना अंगावर काटा येतो, तो केवळ प्रकाशयोजनेमुळे नव्हे. आपल्या गावाच्या कडेला कोणाला किती शतके उपाशी ठेवले होते, आणि त्याच्या घामाचे सोने रात्रीच्या अंधारात कोणी वर काढले, हे कुठेतरी आत ठाऊक असते. प्रेक्षकाला ते बोलता येत नाही, दिग्दर्शकाने ते बोलले नाही. ते बोलण्याचे काम समीक्षकाचे होते.

आणि समीक्षकाने ते केले नाही तर पुढच्या कलावंताने करावे. चरीच्या संपातली सहा वर्षे, महाडच्या तळ्याकडे चाललेली ती रांग, वाड्याच्या मागच्या दाराने पीठ घेऊन आत जाणारी बाई, यांच्याजवळही अंधार आहे, पाऊस आहे आणि थरारही आहे. आमच्या त्या दोन मुलांची पटकथा अजून वहीत आहे. तिचे पहिले दृश्य विहिरीच्या काठावर उघडते, आणि कॅमेरा या वेळी आतून वर पाहतो आहे.